नळी किती इंचाची घ्यायची? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की घरासाठी पहिल्यांदाच गन घेणाऱ्याने नुसतं पिस्तूल पिस्तूल न करता रिव्हॉल्वरचाही विचार करावा. त्यावर पत्रं आली आणि बहुतेकांचा प्रश्न एकच, नळी केवढी घ्यायची? चार पत्रं निवडली आहेत, नावं छापत नाही.

प्रश्न : काका, आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, दोघंही सिटिझन. नवरा महिन्यातले दहा-बारा दिवस टूरवर असतो, घरी मी आणि नऊ वर्षांचा मुलगा. दुकानात गेले तर काउंटरवरच्या माणसाने लगेच एक हलकी, छोट्या नळीची रिव्हॉल्वर काढून दिली, म्हणाला बायकांना हीच बरी पडते, पर्समध्येही राहते. हातात घेतली तर खरंच काही वजन वाटलं नाही. मला घरी आणि बाहेर दोन्हीकडे चालेल अशी एकच घ्यायची आहे. दोन इंच, तीन इंच की चार?

उत्तर : ताई, घेण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण मी स्वतः वीस वर्षांपूर्वी अगदी हेच केलं होतं, हलकी म्हणून छोटी घेतली आणि पहिल्याच दिवशी नेमबाजीच्या सरावाच्या जागी, म्हणजे रेंजवर, वीस-पंचवीस गोळ्यांनंतर अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलली आणि पुढे तीन महिने ती कपाटात पडून राहिली. लहान नळी म्हणजे सोपी गन असं दिसतं खरं, पण रिव्हॉल्वरमध्ये ती चालवायला सगळ्यात कठीण असते. शिकणाऱ्या माणसाच्या हातात ती पहिली देणं मला पटत नाही, मग तो पुरुष असो की बाई.

कारण सांगतो. दुकानात तुम्हाला जी दिली ती बहुधा स्मिथ अँड वेसनच्या जे-फ्रेम या छोट्या रिव्हॉल्वरच्या जातीतली असणार, ६४२ वगैरे. नळी १.८७५ इंच, वजन रिकामी असताना साधारण ४१० ग्रॅम, पाच गोळ्या. आता तिच्यात चालतं तेच .३८ स्पेशलचं काडतूस त्याच कंपनीच्या जुन्या पोलीस मॉडेल १० मधून, चार इंची नळी आणि जवळजवळ एक किलो वजन, त्यातून उडवलं तर हाताला बसणारा धक्का निम्म्याहूनही कमी असतो. गोळी तीच, दारू तीच, पण वजन मागे येणारा जोर खाऊन टाकतं. म्हणजे दुकानात जे हलकं म्हणून आवडतं तेच रेंजवर नकोसं होतं, आणि नकोशी झालेली गन माणूस सरावाला नेत नाही, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता कोणी हलकी घेतली म्हटलं की मला काळजीच वाटते.

दुसरं म्हणजे नेम. नळीला लांबी असली की गोळी सरळ जाते आणि छोटी असली की वाकडी जाते असं काही नाही, गोळीपुरतं बोलायचं तर दोन इंची नळी सात मीटरवर अगदी व्यवस्थित अचूक असते. फरक आपल्या डोळ्याचा आणि हाताचा. नेम धरायची पुढची साइट आणि मागची खाच यांच्यात छोट्या गनवर साधारण दहा सेंटिमीटर अंतर असतं, चार इंचीवर पंधरा. समजा हात थरथरला आणि पुढची साइट एक मिलिमीटर सरकली, तर सात मीटरवर छोट्या गनची गोळी सात सेंटिमीटर बाजूला जाते आणि चार इंचीची पाच सेंटिमीटरच्या आत राहते. रात्री दोन वाजता, छाती धडधडत असताना हात एक मिलिमीटरवर थांबत नाही हे लक्षात घ्या, मग हा फरक किती वाढतो बघा. त्यात या छोट्या मॉडेलांचा ट्रिगर लांब आणि जड, पुष्कळदा दहा-बारा पाउंडांचा, म्हणजे गनच्या वजनाच्या दहापट जोर लावून ओढायचा आणि तरी गन हलू द्यायची नाही. जमतं, पण सरावाने जमतं.

तिसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, ती रिकाम्या पुंगळ्यांची, म्हणजे गोळी उडाल्यावर मागे उरणाऱ्या धातूच्या नळकांड्यांची. सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता गोल भाग, बाहेर काढून समोरची दांडी दाबली की पुंगळ्या बाहेर पडतात. ही दांडी नळीखाली बसते, त्यामुळे नळी छोटी की दांडी पण छोटी. .३८ ची पुंगळी २९ मिलिमीटर लांब, आणि दोन इंची नळीखालची दांडी तिला पूर्ण बाहेर ढकलतच नाही, पाऊण भाग बाहेर येतो आणि उरलेला आत अडकून राहतो. मागच्याच महिन्यात एक आजी-आजोबा माझ्या गन शिकवायच्या वर्गाला आले होते, आजींनी दांडी अंगठ्याने हळूच दाबली, तर चार पुंगळ्या अर्धवट लोंबत राहिल्या आणि पाचवी पुंगळ्या उचलणाऱ्या त्या चांदणीसारख्या चकतीच्या खाली घुसली. मग ना सिलिंडर बंद होई ना पुंगळी निघे, शेवटी मी नखाने काढली. छोटी वापरायचीच असेल तर नळीचं तोंड आकाशाकडे करायचं आणि तळहाताने दांडीवर एकच जोरात फटका मारायचा, हळूच दाबायचं नाही. तोंड वर ठेवलं म्हणजे न जळलेले दारूचे कण पण चकतीखाली जाऊन बसत नाहीत. तीन इंची नळी झाली की बहुतेक मॉडेलांवर पूर्ण लांबीची दांडी येते आणि हा सगळा प्रश्नच संपतो.

म्हणून तुम्हाला एकच घ्यायची असेल तर माझं उत्तर तीन इंच, आणि ती पण स्टीलची. रुगरची एसपी१०१ तीन इंचात मिळते, साधारण ७६५ ग्रॅम. स्मिथचं मॉडेल ६० तीन इंचात आहे, ६५० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही .३५७ मॅग्नम या जास्त जोरदार काडतुसाच्या आहेत पण त्यात .३८ स्पेशल आरामात चालतं, तुम्ही .३८ च वापरा. तीन इंचातून .३५७ उडवलं तर बंद खोलीत आवाज १६० डेसिबलपर्यंत जातो, कान सुन्न होतात आणि अंधारात झगझगाटाने काही क्षण दिसेनासं होतं. शिवाय त्या काडतुसातली दारू पूर्ण जळायला लांब नळी लागते, छोट्या नळीत तिचा बराच भाग बाहेर येऊन जळतो, म्हणजे आवाज आणि उजेड पूर्ण मिळतो पण वेग पूर्ण मिळत नाही.

वेगाचं विचारलं नाहीत पण पुढचा प्रश्न तोच येणार म्हणून लिहितो. नळीचा एक इंच कमी झाला की .३८ च्या गोळीचा वेग साधारण २५ ते ५० फूट प्रति सेकंद कमी होतो. ऐकायला थोडं वाटतं, पण .३८ मुळातच हळू आहे, आणि पोकळ टोकाची गोळी ठरावीक वेगाच्या खाली गेली की फुलतच नाही. म्हणून छोट्या नळीसाठी वेगळी काडतुसं निघाली, स्पीअर गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल त्यातलं जुनं नाव, १३५ ग्रेन वजनाची गोळी, कंपनी वेग सांगते ८६० फूट आणि तोही १.९ इंची नळीतून मोजलेला. काडतुसाच्या डब्यावर वेग लिहिलेला असतो तो किती इंची नळीतून मोजलाय हे नेहमी बघायचं, पुष्कळदा तो चार इंचीचा असतो आणि आपण दोन इंचीत घालतो.

आता पर्स. ताई, पर्समध्ये नको. पर्स आपण रेस्टॉरंटमध्ये खुर्चीला टांगतो, मैत्रिणीकडे सोफ्यावर ठेवतो, आणि तुमचा नऊ वर्षांचा मुलगा च्युइंगमसाठी तीच पर्स उघडतो. शिवाय पर्स ओढून नेली की गन पण गेली. अंगावर, होल्स्टरमध्ये, ट्रिगर पूर्ण झाकलेला, एवढंच बरोबर. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परमिटशिवाय बाळगता येते, तरी मी म्हणतो कोर्स करून लायसन्स काढा, कुठे न्यायची नाही हे नीट कळतं. आपल्या मंडळांचे गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसतात, शाळेच्या इमारतीत न्यायची नाही, आरतीला पाच मिनिटं जायचं असलं तरी नाही. आणि अशा दिवशी गाडीत सोडायची तर गाडीला पक्की बांधलेली कुलपाची पेटी पाहिजे.

घरात मात्र पहिलं काम पेटीचं, गन नंतर. बोटाच्या खुणेने किंवा बटणांच्या कोडने उघडणारी छोटी तिजोरी पलंगाशेजारी बोल्टने बसवा. टेक्सासच्या कायद्यात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा सोडा, मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला घरातली एकूण एक लपवायची जागा तुमच्यापेक्षा चांगली माहीत आहे.

पैसे देण्याआधी एक करा. भाड्याने गन देणाऱ्या रेंजवर जा, दोन, तीन आणि चार इंची तिन्ही घ्या, वाढदिवसाला आणतो ती नऊ इंची कागदी प्लेट सात यार्डांवर लावा आणि प्रत्येकीने पाच-पाच गोळ्या, हॅमर, म्हणजे मागचा घोडा, मागे न ओढता, नुसता ट्रिगर ओढून. कुठल्या गनने पाचही प्लेटमध्ये लागल्या आणि कुठलीने अजून पाच माराव्याशा वाटल्या, ते बघा. माझ्यापेक्षा ती प्लेट बरोबर सांगेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला, वय ६८, बोटांना संधिवात. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढता येत नाही म्हणून मुलाने रिव्हॉल्वर सुचवली. बाहेर न्यायची अजिबात नाही, फक्त घरी. सहा इंची नळीची एक छान दिसली, लांब नळी म्हणजे जास्त ताकद ना? आणि आमच्याकडे पोकळ टोकाची गोळी चालत नाही असं ऐकलं.

उत्तर : दादा, मुलाने बरोबर सुचवलंय, पण सहा इंच नको, चार घ्या. सहा इंची गन पुढच्या बाजूला जड होते, हात लांब करून धरली की मनगट खाली ओढलं जातं आणि संधिवात असेल तर मिनिटभरात जाणवतं. बेडरूममधून पॅसेजमध्ये वळताना लांब नळी आपल्याआधी कोपऱ्याबाहेर जाते, ती पकडायला समोरच्याला सोपी. सहा इंच शिकारीला आणि टार्गेटला सुंदर, घरातल्या सात-आठ पावलांना त्या जास्तीच्या वेगाचा उपयोग नाही.

अमेरिकेतल्या पोलिसांनी कित्येक दशकं चार इंच हेच माप कमरेला लावलं ते उगाच नाही. धरायला समतोल, साइटमध्ये पुरेसं अंतर, दांडी पूर्ण लांबीची. रुगर जीपी१०० ४.२ इंचात साधारण ११३० ग्रॅमची येते, एवढी जड गन बाळगायला त्रास, पण घरात पडून राहणाऱ्या गनला वजन हा गुणच आहे, .३८ ची साधी काडतुसं तिच्यातून अगदी मऊ लागतात. ट्रिगर मात्र दुकानातच दहा वेळा ओढून बघा, दुकानदाराला विचारून आणि गन रिकामी आहे हे दोघांनी बघून, कारण संधिवाताला खरी अडचण धक्क्याची नसून तिथे येते. जड वाटला तर चांगल्या गनस्मिथकडून हलका करून घेता येतो. अंगठ्याने हॅमर ओढून ट्रिगर हलका करायचा मोह होईल, रेंजवर खुशाल करा, पण रात्री घाबरलेल्या हाताने नको, तेव्हा तो ट्रिगर नुसत्या स्पर्शाने सुटतो आणि समोर कोण आहे हे अजून कळलेलं नसतं. तुमच्या घरी किल्ली असलेला नातू पण असू शकतो. म्हणून डाव्या हातात टॉर्च, आधी उजेड, मग आवाज द्या, बाकी सगळं नंतर.

पुढची साइट काळी असली तर तिच्यावर केशरी नेलपॉलिशचा थर द्या, आधी पांढरा आणि वर केशरी. माझ्या घरच्या गनवर बायकोच्याच बाटलीतलं आहे, साठीनंतरच्या डोळ्यांना फार फरक पडतो.

पोकळ टोकाचं म्हणाल तर तुमच्या राज्यात ती घरी ठेवायला आणि रेंजवर न्यायला चालते, बाहेर बाळगायला बंदी आहे. तुम्हाला घरापुरतीच हवी म्हणजे अडचण नाही. खरेदीसाठी मात्र प्रत्येक हँडगनला परमिट वेगळं, पोलीस स्टेशनच्या प्रक्रियेला वेळ लागतो, तोवर तिजोरी बसवून घ्या.

आणि भिंती विसरू नका. आपल्याकडे पुण्या-मुंबईत विटांची भिंत असते, इथल्या घरात आतली भिंत म्हणजे लाकडाच्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जिप्समचा बोर्ड. .३८ ची गोळी अशा एक नाही दोन-तीन भिंती पार करते, नळी दोन इंची असो नाहीतर सहा. पलंगाजवळ उभं राहून दाराकडे बघा आणि दाराच्या मागच्या रेषेत कोणाची खोली आहे ते आजच ठरवून ठेवा, सुनेचा पलंग त्या रेषेत असेल तर पलंग हलवा.

प्रश्न : मी डॅलसजवळ, एच-वन-बी वर, आयटीत. मित्र म्हणतो टेक्सासमध्ये आता परमिट लागत नाही. कमरेला शर्टाखाली लावायला दोन इंची घ्यावी की तीन?

उत्तर : मित्रा, इंचांचं नंतर, आधी व्हिसा बघ. परमिट लागत नाही हे राज्याचं झालं, पण फेडरल कायदा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला गन किंवा काडतूस बाळगायलाच मनाई करतो. एच-वन, एच-फोर, एफ-वन सगळे त्यात आले. शिकारीचं व्हॅलिड लायसन्स वगैरे थोडे अपवाद आहेत, पण ते तुला लागू होतात का हे इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घे, दुकानदाराकडून किंवा मित्राकडून नाही. खरेदीच्या फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा मोठा गुन्हा. मित्राची गन रेंजवर हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं. इतकी वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहेस, एका शनिवारच्या हौसेपायी ती रांग घालवू नकोस, हे मी फार कळकळीने सांगतोय.

कार्ड हातात आलं की मग बोलू, पण एक आत्ताच सांगतो म्हणजे डोक्यात राहील. शर्टाखाली फुगवटा दिसतो तो नळीचा नसतो, मुठीचा आणि सिलिंडरचा असतो. नळी पँटच्या आत जाते, ती इंचभर वाढली तर बाहेरून काही दिसत नाही, उलट खाली थोडी लांबी असली की मूठ बाहेर कलत नाही, पट्ट्याला चिकटून राहते. म्हणून कमरेला तीन इंची पुष्कळदा दोन इंचीपेक्षा चांगली लपते, फक्त गाडीत बसताना मांडीत टोचते का बघायचं. दोन इंची खरी कामाची ती खिशात, खिशाच्या होल्स्टरसकट, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, नाणं नाही. आणि पिस्तुलाशी तुलना करताना फसू नकोस, पिस्तुलाची नळी मोजताना गोळी बसते तो भाग धरतात, रिव्हॉल्वरची मात्र सिलिंडरच्या पुढून मोजतात. कागदावर तीन इंची पिस्तूल आणि दोन इंची रिव्हॉल्वर यात एका इंचाचा फरक दिसतो, गोळीला मिळणारी नळी जवळजवळ सारखीच असते.

प्रश्न : साताऱ्याहून लिहितोय. भाऊ ह्यूस्टनला असतो, तुमचा अंक त्याच्याकडून येतो. माझ्याकडे शेतावरच्या घरासाठी लायसन्स आहे, जुनी सरकारी .३२ रिव्हॉल्वर वापरतो. नवी प्रबल रिव्हॉल्वर घ्यावी का, तिची नळी मोठी आहे म्हणतात. पुढच्या महिन्यात भाऊ येणार आहे, त्याच्याकडून काही सामान मागवलं तर चालेल का?

उत्तर : भाऊ, प्रबल कानपूरच्या सरकारी कारखान्याने ऑगस्ट २०२३ मध्ये आणली, .३२ चीच आहे, नळी ७६ मिलिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. वर लिहिलं तेच तुम्हालाही लागू, शेतावरच्या घराला आणि प्रवासात जवळ ठेवायला हे माप मधलं आणि चांगलं. निर्भीक ही दुसरी सरकारी रिव्हॉल्वर २०१४ ला आली ती ५०० ग्रॅमची, बाळगायला हलकी पण हातात उडी मारते. प्रबलचा खरा बदल नळीत नाही, सिलिंडर बाजूला उघडतं त्यात आहे. तुमची जुनी मधून मोडते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात, त्या सवयीचा हात नव्या गनवर दांडी दाबायला विसरतो, तेव्हा घेतलीत तर रिकाम्या पुंगळ्या घालून संध्याकाळी ओट्यावर बसून शंभर वेळा उघडझाप करा. आणि डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीन नाही, दोनच शस्त्रं ठेवता येतात, जुनी ठेवून नवी घेताना हे बघून घ्या.

भावाकडून काहीही मागवू नका, काडतूस तर नाहीच, रिकामी पुंगळी सुद्धा नको. त्यालाही निरोप द्या की निघण्याआधी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झाडायचे. रेंजवर नेलेली सॅक तीच पुढे विमानात नेली, तळाशी शिवणीत एक काडतूस राहिलं आणि परतताना मुंबईच्या एक्स-रेमध्ये दिसलं, असं माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं झालंय, सुट्टीचे उरलेले दिवस पोलीस स्टेशन आणि कोर्टात गेले. माझी रेंजची बॅग गराजमध्ये वेगळ्या खुंटीला असते, लाल रंगाची, आणि ती रेंजशिवाय कुठेही जात नाही.